शिक्षकाचा न मोजलेला वेळ

मिश्र अध्ययन, म्हणजे शाळा-महाविद्यालयांत ज्याला सर्रास ‘ब्लेंडेड लर्निंग’ म्हटले जाते ते, आले की वर्गशिक्षकाचा भार हलका होतो, असे हल्ली जवळजवळ गृहीतच धरले जाते. हा पक्ष मांडणाऱ्यांचे म्हणणे आधी नीट ऐकून घेतले पाहिजे, कारण ते उथळ नाही. त्यांचे म्हणणे असे : धडा समजावून सांगणे हे दरवर्षी, दर तुकडीत तेच ते काम असते. ते एकदा चांगले चित्रित करून ठेवले की पुन्हा करावे लागत नाही. मूल ते घरी आपल्या गतीने पाहील, थांबवील, मागे नेईल. सराव आणि तपासणी यंत्र करील. वर्गातला वेळ मोकळा होईल आणि तो शंकांना, चर्चेला, प्रयोगांना मिळेल. जिथे विषयशिक्षक मिळत नाही तिथेही उत्तम शिक्षक पडद्यावरून पोहोचेल. विद्यापीठ अनुदान आयोगाने मे २०२१ मध्ये चर्चेसाठी जे टिपण प्रसिद्ध केले, त्यात प्रत्येक विषयाचा ४० टक्क्यांपर्यंतचा भाग ऑनलाइन आणि उरलेला वर्गात शिकवावा अशी कल्पना होती. शिक्षकाने ज्ञान देणाऱ्याची भूमिका सोडून मार्गदर्शक व्हावे, हीही त्यात अपेक्षा होती. आणि यामुळे शिक्षकाचे महत्त्व कमी होत नाही, असेही त्याच टिपणात सांगितले होते.

यातले एकेक विधान सुटे घेतले तर बव्हंशी पटते. मात्र ती एकत्र बांधून व्यवहारात जो निष्कर्ष काढला जातो, की शिक्षकाचे काम कमी झाले, म्हणून कमी तासिकांत आणि कमी माणसांत भागेल, तो पुराव्याला धरून नाही. माझे म्हणणे नेमके असे आहे : मिश्र अध्ययन जिथे फळाला आले तिथे शिकवणाऱ्या माणसाचा वेळ टिकला किंवा वाढला होता, आणि जिथे तो वेळ कापून यंत्राला दिला गेला तिथे मुलांचे नुकसान झाले.

पूर्वपक्षाचा सर्वांत भक्कम आधार म्हणजे अमेरिकेच्या शिक्षण विभागाने २०१० मध्ये सुधारून प्रसिद्ध केलेला आढावा. बार्बरा मीन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यात ५० तुलना एकत्र तपासल्या. निव्वळ वर्गातल्या शिक्षणापेक्षा मिश्र पद्धत सरस ठरली, सरासरी फरक ०.३५ प्रमाण विचलन (गुणांच्या विखुरलेपणाचे माप) इतका होता. शिक्षणाच्या संशोधनात हा फरक लहान नाही. हा आकडा तेव्हापासून अनेक भाषणांत आणि प्रस्तावांत फिरतो आहे. पण आकड्यासोबत लेखकांनी जो इशारा दिला तो फिरत नाही. मिश्र गटातल्या विद्यार्थ्यांना पुष्कळदा जास्त वेळ, जास्त साहित्य आणि एकमेकांशी व शिक्षकाशी बोलण्याच्या जास्त संधी मिळाल्या होत्या. त्यामुळे या लाभाचे श्रेय माध्यमाला देता येत नाही, असे त्यांनी स्वतःच लिहून ठेवले आहे. शिवाय त्या ५० तुलनांपैकी शालेय विद्यार्थ्यांच्या फक्त ७ होत्या. बाकीच्या महाविद्यालयीन आणि प्रौढ विद्यार्थ्यांच्या होत्या. त्यांच्यावरून सहावी-सातवीच्या वर्गाचे धोरण आखणे धाडसाचे आहे.

रिचर्ड क्लार्क या अमेरिकी संशोधकाने १९८३ मध्येच हा मुद्दा रोखठोक मांडला होता : किराणा आणणाऱ्या ट्रकमुळे घरातल्यांचे पोषण सुधारत नाही, तसे निव्वळ माध्यम बदलल्याने शिकणे सुधारत नाही. रॉबर्ट कोझमा यांनी त्याला उत्तर दिले की माध्यमाचे काही अंगभूत गुण असतात आणि शिक्षक ते कौशल्याने वापरू शकतो. हा वाद शिक्षणशास्त्रात गाजला. मला कोझमांचे म्हणणे अधिक उदार वाटते, पण त्यांच्याही वाक्यात कर्ता शिक्षकच आहे, हे विसरू नये.

परदेशातले दाखले बाजूला ठेवले तरी आपल्या शेजारच्या गुजरातेतला एक अभ्यास या प्रश्नाच्या गाभ्याला हात घालतो. तो आपल्याकडे जितका वाचला जायला हवा तितका वाचला जात नाही. ली लिंडेन यांनी ‘ज्ञानशाला’ या संस्थेच्या वर्गांमध्ये गणिताचा एकच संगणक-कार्यक्रम दोन प्रकारे वापरून पाहिला. मुले दुसरी-तिसरीची होती. एका प्रकारात शाळेच्या वेळातला काही भाग शिक्षकाकडून काढून संगणकाला दिला. दुसऱ्यात शाळेचा वेळ तसाच ठेवून संगणकाचा वेळ शाळेबाहेर जोडला. कार्यक्रम तोच आणि मुलेही त्याच थरातली असूनही निकाल उलटसुलट आले. जिथे शिक्षकाचा वेळ कापला तिथली मुले तुलनेच्या गटापेक्षा ०.५७ प्रमाण विचलनाने मागे पडली. जिथे वेळ जोडला तिथली ०.२८ ने पुढे गेली आणि मुख्य फायदा मागे पडलेल्या मुलांना झाला. लिंडेन यांनी शोधनिबंधाच्या शीर्षकातच प्रश्न विचारला आहे : तंत्रज्ञान पूरक की पर्यायी? माझ्या मते मिश्र अध्ययनावरचा प्रत्येक शासन निर्णय या एका प्रश्नापासून सुरू झाला पाहिजे.

यावर पूर्वपक्षाचे लोक दिल्लीतला अभ्यास पुढे करतात, आणि तो करायलाच हवा, कारण तो त्यांच्या बाजूने सर्वांत चांगला आहे. कार्तिक मुरलीधरन, अभिजीत सिंग आणि अलेहांद्रो गानिमियान यांनी २०१९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या या संशोधनात दिल्लीतल्या शालेय मुलांनी ‘माइंडस्पार्क’ हे सॉफ्टवेअर वापरले. साडेचार महिन्यांत गणितात ०.३७ आणि हिंदीत ०.२३ प्रमाण विचलनाची वाढ झाली. सॉफ्टवेअर प्रत्येक मुलाची पातळी ओळखून तिथूनच सुरुवात करत होते, आणि यशाचे मुख्य श्रेय संशोधकही त्यालाच देतात. हे मी मान्य करतो. चांगले सॉफ्टवेअर जे करू शकते ते साठ मुलांच्या वर्गात एकट्या शिक्षकाला करता येत नाही, हेही मान्य.

पण हा प्रयोग कसा चालला ते पाहा. केंद्रे शाळेबाहेर होती. मुले आठवड्यातून सहा दिवस, रोज दीड तास तिथे येत. त्यातला अर्धा वेळ संगणकावर जाई आणि अर्धा वेळ बारा-पंधरा मुलांच्या गटात एका शिकवणाऱ्या माणसाबरोबर. शाळेतल्या शिक्षकाचे एक मिनिटही कापलेले नव्हते. दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची आहे. या मुलांतली सहावीतली मुले गणितात सरासरी अडीच इयत्ता मागे होती, नववीतली साडेचार. सॉफ्टवेअरने त्यांना त्यांच्या खऱ्या पातळीवरून वर आणले, तरी शाळेच्या इयत्तेनुसार झालेल्या परीक्षेत त्यांच्या गुणांत एकंदरीत म्हणावी तशी वाढ दिसली नाही. तिसरीचा भागाकार नव्याने जमू लागलेल्या आठवीच्या मुलाला आठवीचे बीजगणित एकदम कसे येणार? ही दरी बुजवण्याचे काम शिल्लक राहते. मुलाला घरी सॉफ्टवेअर काय शिकवते आहे आणि वर्गात पाठ्यपुस्तक काय मागते आहे, हे दोन्ही एकाच वेळी माहीत असणारा माणूस लागतो. तो वर्गशिक्षक. मिश्र अध्ययन आल्याने हे काम कमी होत नाही; पूर्वी ते उघडपणे दिसत नव्हते, एवढेच. आता अहवालाच्या रूपाने रोज त्याच्या टेबलावर येऊन पडते.

मुंबई आणि वडोदऱ्यात २००० च्या दशकात ‘प्रथम’ संस्थेने चालवलेल्या कार्यक्रमांच्या अभ्यासाची इथे आठवण ठेवावी. अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि सहकाऱ्यांनी तो २००७ मध्ये प्रसिद्ध केला. वडोदऱ्यात चौथीच्या मुलांना आठवड्यातून दोन तास संगणकावर गणिताचे खेळ दिले, त्याचा परिणाम चांगला दिसला. त्याच संशोधनात दोन्ही शहरांतल्या ‘बालसखी’चाही अभ्यास होता. वस्तीतलीच, जेमतेम शालेय शिक्षण घेतलेली तरुण मुलगी तिसरी-चौथीत मागे राहिलेल्या पंधरा-वीस मुलांना वर्गातून बाजूला घेऊन रोज दोन तास मूळ वाचन-गणित शिकवी. तिच्याकडूनही मुले पुढे गेली, आणि खर्च संगणकाच्या कित्येक पट कमी आला. दोन्ही कार्यक्रम थांबल्यावर वर्षभरात परिणाम बराचसा ओसरला. यंत्र असो की माणूस, साथ सुटली की मूल पुन्हा मागे येते. तेव्हा साथ टिकवायची असेल तर ती कुणाच्या वेळातून टिकणार, याचा हिशेब आधीच झाला पाहिजे.

आता हा हिशेब वर्गात जाऊन करू. आठवीच्या मुलांना प्लावक बलाचा व्हिडिओ शिक्षकाने आदल्या दिवशी गटावर टाकला असे समजा. दुसऱ्या दिवशी वर्गात पन्नास मुले येतात. काहींनी तो पूर्ण पाहिलेला असतो. काहींनी वेग वाढवून पळवत पाहिलेला असतो. काहींच्या घरी एकच फोन, आणि तो वडिलांबरोबर कामावर गेलेला. काहींचा रिचार्ज संपलेला. ‘असर’च्या २०२४ च्या ग्रामीण पाहणीत १४ ते १६ वयाच्या ८० टक्क्यांहून अधिक मुलांना स्मार्टफोन वापरता येत होता, पण त्यांतल्या सुमारे ५७ टक्के मुलांनी मागच्या आठवड्यात तो अभ्यासाशी संबंधित कामासाठी वापरला होता आणि सुमारे ७६ टक्क्यांनी समाजमाध्यमांसाठी. तेव्हा ‘घरी बघून या’ या तीन शब्दांवर तासिका उभी राहत नाही. पूर्वी शिक्षकाला निदान एवढी खात्री असे की फळ्यावर सांगितलेले सगळ्यांच्या कानावर गेले आहे. आता एका तासिकेत त्याच्यासमोर तीन निरनिराळे वर्ग बसलेले असतात.

सांगण्याचा वेळ वाचतो, हे खरेच आहे. पण शिक्षकाच्या कामात सांगणे हा सर्वांत स्वस्त भाग होता, कारण ते पन्नास जणांना एकदम सांगता येते. वाचलेल्या वेळात जे करायचे म्हणतात, म्हणजे प्रत्येकाची अडचण समजून घेणे, ते एकेकट्यालाच करावे लागते. पस्तीस मिनिटांची तासिका पन्नास मुलांत वाटली तर प्रत्येकाच्या वाट्याला ४२ सेकंद येतात. एक-द्वितीयांश आणि एक-तृतीयांश यांची बेरीज दोन-पंचमांश लिहिणाऱ्या मुलीची चूक यंत्र दाखवील. चांगले यंत्र ‘अंशात अंश आणि छेदात छेद मिळवला’ हेही ओळखील. पण निम्मी भाकरी आणि भाकरीचा तिसरा हिस्सा मिळून निम्म्याहून कमी कसे होतील, हे तिला कागद घडी घालून पाहायला लावणे, तिच्या चेहऱ्यावर ते उमटले की नाही ते पाहणे आणि नसेल उमटले तर दुसरी वाट काढणे, हे काम कुठल्याही ४२ सेकंदांत बसत नाही. मार्गदर्शक होणे हे व्याख्याता होण्यापेक्षा अवघड आणि महाग काम आहे. त्याला वर्ग लहान लागतो आणि तयारीचा वेळ मोठा लागतो.

भाषेचा अडसर तर वेगळाच. मेळघाटात कोरकू, गडचिरोलीत गोंडी, नंदुरबारच्या डोंगरात भिली बोलणाऱ्या मुलापुढे प्रमाण मराठीतला उत्तमातला उत्तम पाठ लावला तरी तो त्याच्यासाठी अर्धाच असतो. उरलेला अर्धा त्या वर्गातला शिक्षक पुरा करतो, मुलाचा एखादा शब्द उचलून, आपला एखादा शब्द सोडून.

शिक्षक बदलाला घाबरतात म्हणून हा विरोध होतो, असे म्हणणारे भेटतात. त्यांनी दोन नावे आठवावीत. उलट वर्ग म्हणजे ‘फ्लिप्ड क्लासरूम’ ज्यांच्यामुळे जगभर गाजला ते जोनाथन बर्गमन आणि ॲरन सॅम्स हे कोलोरॅडोतल्या वुडलंड पार्कच्या शाळेत रसायनशास्त्र शिकवणारे साधे वर्गशिक्षक होते. खेळ आणि इतर कार्यक्रमांमुळे ज्यांचे तास बुडत त्या मुलांसाठी त्यांनी २००७ मध्ये आपले पाठ चित्रित करायला सुरुवात केली. त्यातून त्यांना विश्रांती मिळाली नाही. रोज वर्गातल्या प्रत्येक मुलाशी बोलायला मिळाले, आणि तेच त्यांना हवे होते. दुसरे नाव आपल्या सोलापूर जिल्ह्यातले. परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतले रणजितसिंह डिसले यांना २०२० चा जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला, तो पाठ्यपुस्तकांत क्यूआर कोड वापरण्याच्या कामासाठी म्हणून सगळ्यांना माहीत आहे. पण गावातल्या मुलांची घरची भाषा कन्नड आहे हे ओळखून पुस्तक त्यांच्या भाषेत आणणारा माणूस त्या कोडामागे होता, हे सांगितले जात नाही. कोड छापणे सोपे असते. त्यामागचे साहित्य आपल्या वर्गासाठी घडवण्यात शिक्षकाचे कष्ट जातात आणि त्यांची नोंद कुठल्याही हजेरीपटावर होत नाही.

बर्गमन आणि सॅम्स यांची मूळ गरज महाराष्ट्रालाही आहे, फार मोठी आहे. बीडमधून दरवर्षी दिवाळीच्या सुमारास हजारो कुटुंबे ऊसतोडीला निघतात आणि मुले अर्धे वर्ष वर्गातून नाहीशी होतात. त्यांच्यासाठी चित्रित पाठ, दर आठवड्याला शिक्षकाचा फोन, परतल्यावर सुटलेल्या भागाचा वेगळा तास, हे खरे मिश्र अध्ययन होईल. मी त्याच्या पूर्ण बाजूने आहे. फक्त तो फोन करणाऱ्या शिक्षकाची तासिका त्या वेळात दुसरीकडे लावलेली नको.

आणि नेमके हेच आपल्याकडे होते. बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षण हक्क कायद्याच्या २००९ च्या अनुसूचीत शिक्षकाचे आठवड्याचे किमान ४५ तास धरले आहेत, आणि त्यात तयारीचा वेळ धरलेला आहे, हे स्पष्ट लिहिले आहे. महाविद्यालयांसाठी विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमावलीत आठवड्याचे ४० तास आणि सहायक प्राध्यापकाला त्यातले १६ तास प्रत्यक्ष अध्यापन असा कार्यभार आहे. म्हणजे तयारी हे काम आहे हे कायद्याला ठाऊक आहे. वेळापत्रकाला ते ठाऊक नाही. ऑनलाइन भाग सुरू झाला की वर्गातल्या तासिका ‘वाचल्या’ असे समजून त्या जागी दुसरा वर्ग, दुसरी माहिती, दुसरी लिंक येते. किती मुलांनी व्हिडिओ पाहिला त्याची टक्केवारी संध्याकाळपर्यंत केंद्रप्रमुखांना कळवा, फोटो गटावर टाका. कायद्याच्या कलम २७ ने जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणूक सोडून अशैक्षणिक कामांना बंदी केली आहे. ही नवी माहिती-भरणी दिसायला शैक्षणिक असल्याने त्या बंदीतून सुटते.

सर्वांत जास्त अन्याय होतो तो तासिका तत्त्वावर काम करणाऱ्यांवर. राज्यातली कितीतरी महाविद्यालये त्यांच्या जिवावर चालतात. त्यांना मानधन मिळते ते घेतलेल्या तासिकेचे. पाठ चित्रित करणे, प्रश्नसंच बनवणे, रात्री आलेल्या शंकेला उत्तर देणे, ऑनलाइन जमा झालेले गृहपाठ वाचणे, यातले काहीच तासिका नव्हे. विषयाचा ४० टक्के भाग ऑनलाइन गेला आणि त्याचा कार्यभार धरला नाही, तर त्या माणसाचे काम वाढेल आणि मिळकत घटेल, आणि हे दोन्ही एकाच निर्णयाने होईल. ‘मार्गदर्शक’ हे पद त्याच्या भाड्याच्या कामी येत नाही.

दूरच्या पडद्यावरून शिकवण्याची आशा आपल्याला नवीन नाही. एडिसनने चित्रपट पाठ्यपुस्तकांची जागा घेतील असे भाकीत केले होते. १९७५-७६ मध्ये उपग्रहाद्वारे सहा राज्यांतल्या २४०० गावांत शैक्षणिक कार्यक्रम दाखवले गेले. पुण्यात बालचित्रवाणीने मराठी मुलांसाठी वर्षानुवर्षे चांगले कार्यक्रम केले आणि अखेर ती संस्था बंद पडली. २०२० च्या टाळेबंदीत ‘शाळा बंद, पण शिक्षण सुरू’ अशी घोषणा राज्याने दिली, सह्याद्री वाहिनीवर ‘टिलीमिली’ ही मालिका दाखवली गेली, आणि त्या काळात खेड्यापाड्यांत शिक्षण खरोखर टिकवले ते घरोघर, पारावर, समाजमंदिरात जाऊन पाच-सात मुले गोळा करणाऱ्या शिक्षकांनी. ‘टिलीमिली’चा उपयोगही, माझ्या मते, तिथेच जास्त झाला जिथे कार्यक्रमानंतर मुलांशी बोलायला कोणीतरी होते.

म्हणून मागणी साधी आहे. मिश्र अध्ययनाचे कोणतेही परिपत्रक निघेल तेव्हा त्यात ऑनलाइन भागासाठी शिक्षकाला आठवड्यात किती तास दिले हे आकड्यात लिहिलेले असावे, ते तास कार्यभारात धरावेत आणि तासिका तत्त्वावरील शिक्षकाला त्यांचे मानधन मिळावे. यंत्राचा वेळ शिक्षकाच्या वेळात भर म्हणून यावा, त्यातून वजा होऊन नव्हे. मुख्याध्यापकांनी आणि प्राचार्यांनी या आकड्यांशिवाय आलेली योजना लेखी हरकत घेऊन परत पाठवावी. आणि पालकांना माझी विनंती आहे : पुढच्या पालकसभेत शाळेने कोणते ॲप घेतले हे विचारून थांबू नका. ते वापरून शिकवणाऱ्या शिक्षिकेला त्यासाठी आठवड्यात किती मोकळ्या तासिका दिल्या आहेत, तेही विचारा, आणि उत्तर वेळापत्रकात दाखवायला सांगा.